जेट्टीपासून पाण्यापर्यंत

नवी बोरखडी, ता. जिंतूर
४ नोव्हेंबर २०२४

राजेश्री,

जेट्टी झाली. पाडव्याला तिचं उद्घाटन झालं. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी कळवते आहे. दोन वर्षं आणि एक महिना आपण बोललेलो नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी मोठ्यानं बोलते. म्हणून पत्र.

यंदा येलदरी धरणाचं पाणी काठोकाठ आहे. जेट्टीला बारा पायऱ्या, त्यातल्या शेवटच्या दोन पाण्याखाली. बदकाच्या आकाराच्या दोन पायडल बोटी आणि एक मोटरबोट. काठावर इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव आणि मधे लाल बदाम, लोक तिथे उभे राहून फोटो काढतात. मला तो बदाम आवडला नाही, पण पर्यटन समितीत सात जण आहेत, आणि मी अध्यक्ष असले तरी माझं मत एकच.

मी बोटीत बसले. हसू नकोस. सरपंच योगीराज म्हणाला, "अध्यक्षच बसल्या न्हाईत तर गाव कसं बसंल?" म्हणून बसले. तीस वर्षं मी शाळेच्या व्हरांड्यातून या पाण्याकडे पाहिलं, पण पाण्यावरून गावाकडे कधी पाहिलं नव्हतं. मधोमध गेल्यावर त्यानं मोटर बंद केली. शाळा, पाण्याची टाकी, आपलं घर, सगळं मुठीत मावेल एवढं झालं होतं. योगीराज म्हणाला, "बाई, आता आपुन जुन्या गावावर आलो. खाली चाळीस फुटावर घरं हायत." मी खाली पाहिलं. हिरवं पाणी, आणि त्यात माझ्याच चेहऱ्यासारखं काहीतरी. वर्गात मी कधी शब्दासाठी अडले नाही. तिथे अडले.

पाणी ओसरेल तसा उघडा पडणारा काठ म्हणजे गाळपेर, आणि ती हंगामापुरती कसणारी गावात एकतीस घरं. त्यांच्यातलं कुणीही उद्घाटनाला आलं नव्हतं, एक चतुराबाई सोडून. वयानं एकाहत्तर, पण उभी राहते ती अजून खांबासारखी. मला म्हणाली, "लय झ्याक केलंत बाई. पर पाणी काय तुमच्या शाळंतलं पोरगं हाय व्हय, हितं उभं ऱ्हा म्हनलं की ऱ्हायला?" मी म्हटलं, आज चांगला दिवस आहे, पेढा घे. तिनं घेतला.

दोन वर्षांपूर्वी जेट्टीच्या ठरावाला तुला ग्रामसभेत खाली बसवलं, त्याबद्दल एकदाच लिहिते. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव नाही त्याला ग्रामसभेत बोलता येत नाही. तुझं नाव रत्नागिरीच्या यादीत आहे, तिथल्या कॉलेजात तू भूगोल शिकवतेस. तू गाळपेरवाल्या बायकांच्या बाजूनं बोलायला उभी राहिलीस आणि मी त्या सभेची अध्यक्ष म्हणून "खाली बस" म्हटलं. पोटच्या मुलीला सवलत दिली असती तर दुसऱ्या दिवसापासून माझा एकही शब्द गावानं ऐकला नसता. यावर मला वाद नको आहे.

आणि ही जेट्टी मी हौसेसाठी केलेली नाही. तीस वर्षं या शाळेत गेली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. दर दिवाळीनंतर आईबापांबरोबर पोरं उसाच्या फडावर निघून जायची आणि माझ्यासमोर रिकामे बाक उरायचे. गावात काम असतं तर ती गेली नसती. एवढंच मला हवं होतं, अजूनही हवं आहे.

प्रकृती बरी आहे. गुडघा सोडून.

तुझी आई


१९ जानेवारी २०२५

राजेश्री,

तुझं उत्तर आलं नाही. पत्राला उत्तर द्यायलाच हवं असा काही नियम नाही.

जेट्टीला पाणी नाही.

बारा पायऱ्या उतरल्या की चिखल लागतो, तो संपला की भेगा पडलेली जमीन, आणि पाणी तिथून तीनशे दहा पावलांवर. काल मोजलं. पायडलच्या बोटी एका कुशीवर पडल्या आहेत. जेट्टीच्या सावलीत शेळ्या बसतात. आश्चर्य असं की लोक येणं थांबलेलं नाही. परभणीहून गाड्या येतात, माणसं कोरड्या जेट्टीवर उभी राहून लांबच्या पाण्याचे फोटो काढतात, शेंगा खातात आणि जातात.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते. जागा मी ठरवली होती. सव्वा वर्षापूर्वीच्या ऑक्टोबरात ठेकेदाराचा माणूस टेप घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "मॅडम, काठ कुठला धरायचा?" धरण तेव्हाही भरलेलं होतं. पाणी माझ्या चपलेपासून हातभर. मी छत्री टेकवली आणि म्हटलं, इथे. चतुराबाई गवताचा भारा घेऊन चालली होती. ती थांबली. "बाई, हितं कामून? संक्रांतीला हितं शेळ्या बसत्यात." मी म्हटलं, "चतुराबाई, हे तांत्रिक काम आहे. तुझं तू बघ." ती निघून गेली.

मंगळवारी संक्रांत झाली. शेळ्या मोजल्या नाहीत.

योगीराज खचणारा माणूस नाही. त्याचा दुसरा टप्पा तयार आहे. जेट्टीपासून खालच्या पाण्यापर्यंत धरणाच्या उघड्या पोटातून सरळ मुरमाचा रस्ता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सपाटी करून वीस तंबू. पण ती सपाटी म्हणजे गाळपेरीचीच पट्टी. पुढच्या हंगामापासून ती लागवडीला देऊ नये, असा ठराव एक मेच्या ग्रामसभेत घ्यायचा आहे, आणि त्याला पर्यटन समितीची शिफारस लागते. शिफारशीवर मी सही केली. एकतीस घरांना तंबूंत काम देऊ असं योगीराज म्हणतो. चादरी धुणं, स्वयंपाक, झाडलोट. बारमाही काम. मला ते पटलं.

तुला पटणार नाही, हे मला सही करतानाच माहीत होतं.

आई


२३ फेब्रुवारी २०२५

राजेश्री,

आज जे पाहिलं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि ते समजेल असं माझ्या ओळखीत तुझ्याशिवाय कुणी नाही.

रस्ता नेमका कुठवर न्यायचा हे ठरवायला उन्हाळ्यात पाणी कुठे थांबतं ते माहीत हवं. एकदा छत्री टेकवून झाली होती, म्हणून यावेळी चतुराबाईला विचारायला गेले. ती आपल्या तुकड्यात उकिडवी बसली होती. म्हणाली, "विचारून काय कळायलंय बाई? चला, दावते."

जेट्टीच्या शेवटच्या पायरीपाशी बाभळीचा एक खुंट रोवलेला होता. रोज जाता-येता पाहूनही मला तो दिसला नव्हता. त्याच्यापुढे दुसरा, पुढे तिसरा. पाण्यापर्यंत एका रांगेत सोळा खुंट. दिवाळीपासून दर बाजाराच्या दिवशी ती पाण्याच्या कडेला एक रोवते. दोन खुंटांमधलं अंतर कुठे दहा पावलं, कुठे पन्नास. मी विचारलं, असं कसं? ती चालता चालता सांगत गेली. "हितं कालव्याला पाणी सोडलं. ह्या दोन हप्त्यात बंद व्हतं. हितं जमीन उताराची हाय, म्हनून खुंट जवळ दिसत्यात, पर पाणी तेवढंच उतरलंय. हितनं पुढं सपाट हाय, हितं पाणी पळतंय."

मी तिथे उभी राहिले. माझ्या मागे धरणाच्या चार महिन्यांचा इतिहास काठ्यांनी लिहिलेला होता आणि तो लिहिणारी बाई माझ्या शाळेची पायरी कधी चढली नव्हती.

मग तिनं मला लागवड दाखवली. हे लोक वेलांना पाणी घालत नाहीत, हे तुला माहीत असेल, मला माहीत नव्हतं. पाणी हटलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ओल असतानाच, कोपरभर खड्डा करून बी टाकायचं. खालची ओल रोज थोडी खोल जाते आणि मूळ तिच्यामागे जातं. बी उशिरा टाकलं तर मूळ मागे राहून वेल वाळतो. घाईनं टाकलं तर बी कुजतं. "पाणी पळायलंय, मूळ मागं पळायलंय," ती म्हणाली. "आपलं काम निस्तं दोघांची गाठ घालून द्यायचं." वरच्या ओळींतली टरबुजं घागरीएवढी झाली आहेत, त्याखालच्या ओळीत नारळाएवढी, त्याखाली फूल, आणि अगदी पाण्यालगत आजच उगवलेली दोन पानं. एका नजरेत तीन महिने. सगळा उतार हिरवा. वर, लांब, सिमेंटची आपली जेट्टी.

तेवढ्यात पाण्यावरून चक्रवाकांचा थवा उठला. शे-दोनशे असतील, केशरी अंगाचे. डोक्यावरून गेले तेव्हा पंखांचा वारा लागला. चतुराबाईनं मानही वर केली नाही. ती माझ्यासाठी काकडी शोधत होती.

मी विचारलं, एक मेला पाणी कुठे असेल? तिनं पाण्यात बोट दाखवलं. "ते बगळे हायत न्हवं, त्यांच्या पल्याड." किती पल्याड? "तुमी फेटा बांधता न्हवं, तसलं नऊ-धा फेटं एकापुढं एक अंथरा, तेवढं." मी फेटा बांधत नाही म्हटलं, तर म्हणाली, "मग कशाचं तांत्रिक शिकलाव?"

घरी येऊन काकडी खाल्ली. मीठ लावायचं लक्षात राहिलं नाही.

आई


२७ मार्च २०२५

राजेश्री,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ, "पाणी कुठवर आलं?" तुझं अक्षर अजूनही उजवीकडे झुकतं.

सातशे चाळीस पावलं. माझ्या पावलांनी.

आता बस आणि नीट वाच. मला हे एकदाच लिहिता येणार आहे.

शिफारशीसोबत एक यादी जोडायची होती, उसाला जाणाऱ्या मुलांची. गावात काम नसल्यानं किती मुलं शाळा सोडून जातात हे आकड्यांत दिसलं की ठरावाला वजन येईल, असं मीच सुचवलं होतं. म्हणून शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापक मनिषा वाघमारे यांनी कपाटातून माझ्या काळातली हजेरीपुस्तकं काढून दिली. अकरा वर्षं, माझ्याच अक्षरातली. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत जिथे ओळीनं गैरहजेरी आहे ती नावं मी उतरवत गेले. दुपारपर्यंत यादी झाली. मग मनिषाबाई सहज म्हणाल्या, "आणि जी थांबली ती कुणाची हो, मॅडम? नोकरदारांची?"

गावात नोकरदारांची घरं चार.

मी पुस्तकं परत उघडली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, सगळे दिवस हजर. चतुराबाईच्या घरचे दोघं. वच्छलाबाईच्या मुली. बायनाबाईचा सटवाजी. एकामागून एक मी ती नावं वाचत गेले आणि प्रत्येक नावाबरोबर काठावरचा एकेक तुकडा डोळ्यांपुढे आला. ती गाळपेरीची घरं होती. ज्यांच्याकडे चार महिन्यांसाठी का होईना ओली जमीन होती, ती माणसं उसाला गेली नव्हती. त्यांची पोरं शाळेत बसली होती, माझ्यासमोर, अकरा वर्षं. मी रिकाम्या बाकांकडे बघत राहिले. भरलेले बाक का भरलेले आहेत हे मी एकदाही विचारलं नाही.

मला वाटतं, तू त्या दिवशी उभी राहिलीस ती हेच सांगायला. किंवा पाणी मागे हटतं हे सांगायला. किंवा दोन्ही. मी नंतरही विचारलं नाही. नियम बरोबर होता, राजेश्री. मी चुकले. सभा संपल्यावर तुला घरी बसवून विचारायला कोणत्या नियमानं अडवलं होतं?

संध्याकाळी योगीराजला बोलावलं. तो आला, चहा प्याला, हजेरीपुस्तक पाहिलं.  मग म्हणाला, "बाई, तुमची सही हाय शिफारशीवर."

"आहे. मी ती सभेत मागे घेणार."

"लोक हसतील."

"हसू देत."

"बाई," तो म्हणाला, "माझी तिसरी-चौथी कोपीत गेली. चार बांबू आन पाचट, त्यात पुस्तक. तुमीच मला फडावरून माघारी आणलं. एकतीस घरं थांबत्यात, कबूल. बाकी दीडशे जायलेत त्यांचं काय? त्यांला काय टरबूज दावू? तंबू झालं तर धा-वीस घरं तर थांबतील."

  तो वाईट मुलगा नाही. त्याला जे हवं आहे तेच मला हवं आहे, आणि ते एकाच पट्टीवर मावत नाही.

जाताना त्यानं कप स्वतः विसळून ठेवला. शाळेत असताना ही सवय मीच लावली होती.

आई


५ मे २०२५

राजेश्री,

एक मेची सभा झाली, आणि कालचा दिवसही झाला. क्रमानं सांगते.

सभा शाळेच्या पटांगणात. मी समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा आधी दिला, मग बोलायला उभी राहिले. जेट्टीची जागा मी ठरवली, चतुराबाईनं मला तिथेच सांगितलं होतं आणि मी तिला गप्प केलं, हे सांगितलं. शिफारस मागे घेते म्हटलं. हजेरीपुस्तकातली नावं वाचून दाखवली. वाचताना आवाज नीट होता, असं मनिषाबाई म्हणाल्या.

 मग मागून आप्पाराव, त्याची तिन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, तो म्हणाला, "बाई, गणित चुकलं की पट्टी खायाची, ह्यो तुमचाच कायदा. काडा हात भायेर."

सगळं पटांगण हसलं. मी हात पुढे केला. तळवा वर.  आप्पारावनं टोपी सारखी केली, खाली बघितलं आणि म्हणाला, "बसा बाई. वही तपासली. पास."

मी बसले, खाली, बायकांच्यात. खुर्चीवरून सभा वेगळी दिसते हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

योगीराज शांतपणे बोलला. गाळपेर राहू द्या म्हणता, चांगलं आहे. तंबू वर माळावर टाकू, तेही जमेल. "पर माणसं पाण्यापत्तुर जाणार कशी? उडून? रस्ता केल्याबिगर हे सगळं बंद पडतंय, आन रस्ता केला की त्यो टरबुजातूनच जातोय. आताच बघा ना."

"आताच बघायलोत," वच्छलाबाई म्हणाली. "पब्लिक येतंय पाणी बघायला आन जातंय वेलावर पाय देऊन."

तेव्हा चतुराबाई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "रस्ता हाय की."

"कुठं हाय, काकू?"

"खाली. जुन्या गावचा. तुझा आजा त्याच रस्त्यानं गाडी हाकायचा. निजामाच्या टायमाचा, दगड बसवलेला. मारुतीच्या पारापासनं निघतोय, वेलांच्या पट्टीला वळसा मारून वर येतोय. पाण्यानं काय दगड खाल्ला व्हय?"

योगीराजनं डोक्याला हात लावला. "साठ वर्षांचा गाळ हाय त्यावर. कुठंय कुणाला मालूम?"

"मला. गाव उठलं तवा म्या नऊ वर्साची व्हते."

"आन न्हाई सापडला तर?"

"तर तुझा मुरूम टाक. पहिलं घमेलं म्याच टाकीन."

वच्छलाबाई तिच्या अंगावर धावली म्हटलं तरी चालेल. "आत्याबाई, आमच्या पोटावर पैज लावू नका."

"पैज न्हाई," चतुराबाई म्हणाली. "मालूम हाय."

सभा तीन दिवस तहकूब झाली. चार तारखेला सूर्य मावळेपर्यंत रस्ता सापडला तर गाळपेर कायम आणि तंबू माळावर, नाही सापडला तर ठराव. हे कागदावर लिहून घ्या, असं मीच सांगितलं.

तिनं फेब्रुवारीत बोट दाखवलं होतं तिथेच पाणी येऊन थांबलेलं आहे. मारुतीचा पार उघडा पडला आहे, मूर्ती गाव उठताना वर आणली होती, उरला आहे तो दगडी चौथरा. दोन तारखेला सगळे फावडी आणि घमेली घेऊन उतरले. गाळपेरीची घरं होतीच, पण उसाहून नुकती परतलेली माणसंही होती. चतुराबाई पाराच्या कोपऱ्यावर उभी राहिली, मोजून चाळीस पावलं चालली. "हितं." दुपारपर्यंत छातीएवढा खड्डा झाला. गाळ, शिंपले, आणखी गाळ. तीन तारखेला ती डावीकडे सरकली. पुन्हा गाळ. वच्छलाबाई तिच्याशी बोलेना. संध्याकाळी लोक एक एक करून निघाले, आणि योगीराज, मला त्याचं कौतुक वाटलं, एक शब्द न बोलता फावडी गोळा करत राहिला.

काल सकाळी मी सातला खाली गेले. चतुराबाई माझ्याआधी येऊन पारावर बसलेली. मला वाटलं रात्रभर झोपली नसेल. ती म्हणाली, "बाई, पावलं चुकायलेत. मोजून ध्यानात न्हाई ते. म्या कवा मोजलंच न्हवतं."

"मग?"

"नदीचं पाणी भरायचो आमी. रोज. घागर डोक्यावर असली की पाऊल येगळं पडतंय."

वच्छलाबाईच्या घरून घागर आणवली. तिनंच आणून दिली. योगीराजनं ती धरणाच्या पाण्यात बुडवून काठोकाठ भरली. वजन एवढं की त्याचाही खांदा वाकला. चतुराबाईनं पदराची चुंबळ केली. एकाहत्तराव्या वर्षी हे करू नको, असं मी म्हणायला हवं होतं. मी एका बाजूनं घागरीला हात लावला, वच्छलाबाईनं दुसऱ्या, आणि आम्ही ती तिच्या डोक्यावर ठेवली.

तिनं डोळे मिटले. मान ताठ झाली. मग ती चालायला लागली.

तशी चाल मी कधी पाहिली नव्हती. पाऊल लहान, पण थांबत नव्हतं. हात मोकळे. पारापासून सरळ न जाता ती आधी थोडी खाली उतरली, जिथे उतरायचं काही कारण दिसत नव्हतं. मग उजवीकडे वळली. सपाट गाळावरून चालताना मधेच एकदा पाऊल उंच उचललं, उंबरा ओलांडावा तसं. घागरीतून थेंब सांडला नाही. शंभरएक माणसं मागे उभी होती. आम्हाला दिसत होती ती भेगाळलेली जमीन. ती मात्र रस्त्यानं चालली होती.

एका ठिकाणी ती थांबली. उजवा पाय जमिनीवर दोनदा आपटला. "हितं गाडी वळायची. हितं दगूड मोठा हाय. आमी हितं घागर टेकायचो."

आप्पारावनं पहिलं फावडं मारलं. गुडघाभर खाली गेला. मग मांडीपर्यंत. मग फावडं कशाला तरी लागलं आणि तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. तो हातांनी गाळ बाजूला करायला लागला. काळा दगड, घडीव, माझ्या पलंगाएवढा, वरच्या अंगाला दोन खोलगट खळगे. घागरींनी पडलेले. त्याच्या शेजारी दुसरा दगड. त्याच्या शेजारी तिसरा. तीनही बसवलेले, जागचे हललेले नाहीत.

 वच्छलाबाई खड्ड्यात उतरली आणि तिनं दगडावर दोन्ही हात ठेवले. मीही उतरले, गुडघ्याची पर्वा न करता. दगड थंड होता. मे महिन्यात, राजेश्री.

 योगीराजनं चपला काढल्या, शाळेच्या मैदानावर आखायला आणतात ती चुन्याची फक्की घमेल्यात घेतली आणि चतुराबाईपाशी गेला. "काकू," तो म्हणाला, "हितनं पुढं कसा वळतोय?"

तिनं घागर उतरवू दिली नाही. ती पुढे चालायला लागली, आणि सरपंच तिच्या पावलांमागे वाकून फक्की ओढत गेला. रस्ता सरळ नाही. पट्टीच्या खालून जातो, मोठा वळसा घेतो, एका वेलालाही न शिवता वर चढतो. मी पाहत होते तोवर ती पांढरी रेघ जेट्टीकडच्या निम्म्या वाटेपर्यंत आली होती आणि ते दोघं अजून चालत होते.

आई